दारामागच्या रेघा

३१ जुलै २००५, रविवार

अडीच महिने या वहीत एक ओळ नाही. दिलगिरी व्यक्त करायची तर कुणाजवळ करायची? वहीजवळच करते. शेवटची नोंद १७ मेची आहे: "मागच्या भिंतीची मोरी अखेर बुजवली. अर्ज दिल्यापासून अवघ्या नऊ दिवसांत. लिहिलेल्या शब्दाला अजून किंमत आहे." त्यानंतर शाळा सुरू झाली, ग्रंथालयातली पुस्तकांची पडताळणी आली, आणि मग निव्वळ आळस.

मंगळवारच्या पावसात आमच्या इमारतीचं काय नुकसान झालं? तीन दिवस वीज नव्हती, पंप बंद, आणि आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीची काच फुटली. जितेंद्रने, माझ्या नवऱ्याने, माळ्यावरून गेल्या गणपतीचं मखर काढलं आणि त्यातलं थर्मोकोलचं गुलाबी कमळ अर्धं कापून त्या जागी चिकटवलं. जिन्यात साप निघाला तेव्हापासून ती खिडकी आम्ही उघडतच नाही, त्यामुळे कमळ राहिलं तरी चालेल. एक काच, एवढंच. आणि खाली गावात छातीएवढं पाणी होतं.

पाच दिवस झाले. गावात सरकारचा माणूस फिरकलेला नाही. एक जीप येऊन गेली म्हणे. बिस्किटाचे पुडे वाटताना फोटो काढले, आणि फोटोत नीट दिसावं म्हणून एका म्हातारीला तिचा पुडा दोनदा घ्यायला लावला. ऐकून माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण मी तरी पाच दिवस काय केलं? मेणबत्त्या आणल्या.

आज बॅप्टिस्ट सरांचा फोन आला. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. चर्चच्या हॉलमधून घरं साफ करायला टोळ्या पाठवतायत. म्हणाले, "लतिकाबाई, पुस्तकांवरची धूळ झटकायचा सराव आहे ना? इथे तीच धूळ जरा ओली आहे."

जाणार आहे.

१ ऑगस्ट, सोमवार

दिवसभर हॉलमध्ये कपडे निवडले. मुंबईहून दोन टेम्पो आले होते. त्यात काय निघालं ते लिहून ठेवते, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही: टिकल्यांचे ब्लाउज, एकेका पायाचे बूट, पोहायचा पोशाख, नाडी नसलेले परकर, आणि एका पिशवीत चक्क न धुतलेले मोजे. घर वाहून गेलेल्या माणसाला आपण आपला न धुतलेला मोजा पाठवतो! वर पिशवीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, "सप्रेम भेट".

मी एवढी चिडले की बॅप्टिस्ट सर म्हणाले, "बाई, राग जपून वापरा. पुढे लागेल."

एक गोष्ट मनाला लागून आहे. दुपारी हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठी केलेल्या चहातला मी दुसरा कप घेतला. पहिला कामाचा म्हणून घेतला, दुसरा नुसता सवयीने. शिवाय रबरी हातमोज्यांचा एक जोड चुकून पिशवीत राहून घरी आला आहे. परत केला पाहिजे.

२ ऑगस्ट, मंगळवार

आज सालोमी नावाच्या बाईंचं घर मिळालं. वय सत्तरच्या पुढे, नवरा गॅब्रिएल तीन वर्षांपूर्वी वारला. कौलारू घर, मागे केळी, नारळ आणि पानवेलीची वाडी. आमच्या इमारतीपासून रस्त्याने वळसा घालून, तलाव ओलांडून, चर्चवरून गेलं की वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सालोमीबाई पावसापासून शेजारच्या लुईसच्या माडीवर आहेत. लुईस पन्नाशीचा, वाडीवाला, तोंडाचा फटकळ. मला बघून म्हणाला, "बिल्डिंगवाले आले वाटतं. चप्पल काढा बाई, नाहीतर ती चिखलातच राहील आणि तुम्ही पुढे जाल."

चप्पल खरंच राहिली.

भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ माझ्या छातीशी येत होती. तांदळाची कोठी फुगून फुटलेली, आणि तो वास. कोंबड्यांच्या खुराड्यात काय होतं ते लिहीत नाही. आम्ही टोळीतल्या तिघींनी आधी फावड्याने चिखल ओढला, मग खराट्याने, मग पापडी गावच्या बाजारातून आणलेली ब्लीचिंग पावडर टाकून घासलं. मी बाहेरची खोली घेतली. भिंत तारेच्या ब्रशने घासली. दाराच्या मागे निळीच्या पाच-सहा आडव्या रेघा आणि आकडे होते, पोरं बाकांवर खरडतात तसले. ते काही निघेनात. उकिडवी बसून अर्धा तास घासलं, तेव्हा निघाले. उठताना गुडघे धरले.

संध्याकाळी भिंत कोऱ्या कागदासारखी झाली होती. खूप वर्षांनी माझ्या हातून दिसण्याजोगं काही झालं. हा विचार अहंकाराचा आहे का? असेल. तरी बरं वाटलं.

४ ऑगस्ट, गुरुवार

लिहायला हात होत नाही, पण लिहिलं नाही तर वही ठेवायचीच कशाला.

आज सालोमीबाई घरी परत आल्या. चुलीपाशी गेल्या, भिंतीतल्या देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यातली मरियेची लहान मूर्ती पुसून जागेवर ठेवली, आणि मग दार लोटून त्याच्या मागे बघितलं. बघतच राहिल्या. आपल्या बोलीत लुईसला काहीतरी म्हणाल्या. माझ्याशी त्या शाळेतलं मराठी बोलतात, आपसात बोलतात ते मला अर्धंच कळतं.

लुईस माझ्याकडे वळला. "बाई, इथल्या रेघा कुठे?"

"त्या? घासून काढल्या."

"काढल्या! गॅब्रिएलच्या बापाने सुरू केलेल्या त्या. घरात पाणी शिरलं की उतरायच्या आत निळीची रेघ मारायची, बाजूला साल टाकायचं. हे घर बांधलं तेव्हापासूनच्या. आमच्याकडे पण आहेत, पण माझ्या घराचं जोतं उंच, दोनच आहेत. खरा हिशेब हिच्या दारामागे होता. पुराने नाही पुसल्या, तुम्ही पुसल्या."

मी "माफ करा" म्हणाले, आणि हा शब्द किती किरकोळ आहे ते म्हणतानाच कळलं. मी! फाटक्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं जुनं नावसुद्धा मी खोडू देत नाही.

सालोमीबाई म्हणाल्या, "जाऊ दे, बाय. गॅब्रिएल असता तर ओरडला असता. मी कोणत्या तोंडाने ओरडू? तू माझ्या न्हाणीतला चिखल काढलास." मग हसून, "घासलंस मात्र जोरात."

६ ऑगस्ट, शनिवार

तलाठी आला. अकराव्या दिवशी! पायांत गमबूट, हातात वही, बरोबर एक जण छत्री धरायला. घरात पाऊलही टाकलं नाही. दारातूनच भिंतीकडे बघून म्हणाला, "स्वच्छ आहे की सगळं." मी सांगितलं की छातीपर्यंत पाणी होतं, आम्ही धुतलं. म्हणाला, "धुवायची घाई कुणी सांगितली होती? असो. हा सखल भाग. इथे पाणी नेहमीचंच." आणि तसंच लिहिलं: सखल भाग, नेहमीचं पाणी.

सालोमीबाई म्हणाल्या, "साहेब, पन्नास वर्षं या घरात आहे. इतकं पाणी कधी नाही आलं."

"आजी, सगळे असंच म्हणतात. काही पुरावा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मीच ओरडले. म्हणाले, पुरावा होता, मी पुसला, मी साक्षीदार आहे, लिहून घ्या! तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोण?" छत्रीवाला हसला. त्या हसण्याने मला आत्तासुद्धा तिडीक येतेय.

वाईट पुढेच आहे. सालोमीबाईंचा मुलगा वॉल्टर आला होता. सातिवलीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, राहतो स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये. माणूस वाईट नाही, आईची काळजी आहे त्याला. म्हणाला, "आई, आता सरकारी वहीत पण आलं. नेहमीचं पाणी. तू इथे एकटी. घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल."

"नेहमीचं नाही."

"मग दाखव ना, कुठे लिहिलंय?"

सालोमीबाईंनी दारामागच्या कोऱ्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. या पावसात घरात पुन्हा एकदा पाणी आलं, तर येते. नाही आलं, तर विषय काढायचा नाही."

वॉल्टरने लगेच कबूल केलं. लुईस मला बाहेर येऊन म्हणाला, "म्हातारी हरली. नारळी पौर्णिमा एकोणीसला. मोठ्या भरतीला जोडून दोन तास पाऊस लागला की बस."

मी विचारलं, "पण पूर्वी इतकं नाही यायचं, मग आता कसं?"

"पूर्वी मागे बावखल होतं. आमचं सगळं पावसाचं पाणी त्या तळ्यात जिरायचं, उन्हाळ्यात तेच वाडीला. बिल्डरने भराव टाकून ते बुजवलं, वर बिल्डिंगी आल्या. तरी तेव्हा आमची माणसं भांडली, म्हणून भिंतीखालून एक नळा ठेवला होता. पाणी त्यातून पलीकडे ओहोळात. यंदा कुणीतरी तोही बंद केला."

"कुणी?"

"ज्यांना आमचं पाणी नको त्यांनी."

असल्या माणसांची नावं चौकात फळ्यावर लिहिली पाहिजेत. स्वतःचा पाय कोरडा राहावा म्हणून दुसऱ्याच्या चुलीत पाणी सोडणारी माणसं! आणि उद्या हीच माणसं पिशवीवर "सप्रेम भेट" लिहितील.

७ ऑगस्ट, रविवार

आज आमच्या दाराच्या मागे उकिडवी बसून बघितलं. हात वर न करता कुठपर्यंत पोचतो? उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. त्या दिवशी रेघा घासताना मी पूर्ण वेळ बसूनच होते, एकदाही उभी राहिले नाही. म्हणजे सगळ्यात वरची रेघसुद्धा गुडघ्याच्या आसपास. आणि या वेळचं पाणी छातीला. हा पुरावाच आहे! माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचा.

तहसीलदारांच्या नावे दोन पानी निवेदन लिहिलं. तीनदा खाडाखोड केली, "मी स्वतः" कुठेही गाळलं नाही. जितेंद्रला वाचून दाखवलं. म्हणाला, "छान झालंय. मोरीच्या अर्जासारखं." हा सोसायटीच्या कमिटीवर आहे, त्याला माझी भाषा आवडते.

हातमोजे राहिलेच.

१० ऑगस्ट, बुधवार

अर्धा दिवस रजा काढून तहसील कचेरीत गेले. दोन तास बाकावर. कारकुनाने निवेदन वरवर बघितलं आणि विचारलं, "घर तुमच्या नावावर आहे? नातेवाईक आहात? मग तुम्ही कशाला?" शिक्का मारून घेतला खरा, पण ज्या गठ्ठ्यावर माझं निवेदन ठेवलं त्याची उंची बघून मला लिहिलेल्या शब्दाबद्दल पहिल्यांदाच शंका आली.

रात्रीच्या जेवणाआधी जिन्यात आत्माराम काका भेटले, आमचे अध्यक्ष. म्हणाले, "काय मॅडम, समाजसेवा कशी चाललीय? त्या गावातून डास येतायत हो फार. नगरपरिषदेला एक कडक अर्ज लिहा की तुमच्या भाषेत. धूर मारायला सांगा."

मी म्हणाले, "काका, तिथे माणसं राहतात."

"डास पण राहतात ना."

मी बोलू नये ते बोलले. त्यांच्या वयाचा मान ठेवला नाही. पश्चात्ताप होतोय का ते तपासून बघितलं. नाही होत.

१४ ऑगस्ट, रविवार

उद्या चर्चचा सण, म्हणून सालोमीबाईंना वाडी साफ हवी होती. मी, लुईस आणि त्या. आडव्या झालेल्या केळी तोडल्या. मागच्या टोकाला अजून घोटाभर पाणी होतं, अठरा-एकोणीस दिवसांनीही, वर हिरवी साय धरलेली. तिथे पलीकडच्या इमारतींमधून टाकलेला कचरा तरंगत होता: दुधाच्या पिशव्या, निर्माल्य, एक तुटका झाडू. मी गोळा करता करता तोंडाचा पट्टा सोडला होता. शिकलेली माणसं, खिडकीतून झाडू फेकतात, लाजा कशा वाटत नाहीत, वगैरे. सालोमीबाई ऐकत होत्या.

समोर कुंपणाची भिंत होती. तळाशी हातभर रुंदीचा चौकोन, नव्या सिमेंटचा. भिंत काळी पडलेली, तेवढा चौकोन राखाडी.

"हाच नळा," लुईस म्हणाला.

मी वर बघितलं. इमारतीची मागची बाजू: सांडपाण्याचे नळ, गंजलेल्या जाळ्या, ओघळ. आपल्या इमारतीची पाठ कोण बघतं? नऊ वर्षांत मी एकदाही बघितली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीत काचेच्या जागी अर्धं गुलाबी कमळ होतं.

पाण्यात पाय होते.

मी म्हणाले, "ते माझं घर."

लुईस केळीचा खुंट तोडत राहिला. सालोमीबाई म्हणाल्या, "माहीत आहे की. बॅप्टिस्ट सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कुठल्या बिल्डिंगीतली आहेस ते." आणि मग अगदी साधेपणाने, "मला वाटलं, म्हणूनच येतेस."

त्यांना वाटलं होतं की मला माहीत आहे. बारा दिवस त्या मला माझ्याहून बरी बाई समजत होत्या.

मी सगळं सांगितलं. साप, अर्ज, दोन पानं, नऊ दिवस. "गावाकडचे दूषित पाणी व सरपटणारे प्राणी" हे शब्दसुद्धा सांगितले. ते माझेच.

लुईसने कोयता खाली ठेवला. "साप आमच्याकडे पण येतात, बाई. आम्ही अर्ज कुणाला करायचा?"

सालोमीबाईंनी हातातला पाला झटकला आणि घरात गेल्या. थोड्या वेळाने हाक आली, चहा झालाय म्हणून. मी प्यायले. या वेळी कप मोजला नाही.

१६ ऑगस्ट, मंगळवार

रात्री कमिटी आमच्याच घरी बसली. मी सांगितलं: मोरी उघडा, आजच्या आज, पलीकडे घर बुडतंय. आत्माराम काकांनी शांतपणे फाईल उघडली आणि माझा अर्ज मोठ्याने वाचला. स्वच्छ उच्चार आहेत त्यांचे. "सदर मोरी ही रहिवाशांच्या जीवितास धोका असून ती कायमस्वरूपी बंद करणे हे आपले कर्तव्य ठरते." कायमस्वरूपी! एकही शब्द चुकलेला नव्हता. ऐकताना वाटलं, ही बाई कोण आहे? हिला माहीत होतं का, मोरीच्या पलीकडे काय आहे? हिने विचारलं का? नऊ दिवसांत एकदा तरी भिंतीपलीकडे वाकून बघितलं का?

"मी चुकले होते," मी म्हणाले.

"मॅडम, सर्वांनी सह्या केल्यात. आता तुम्हाला वाटलं म्हणून भिंत फोडायची? अठ्ठावीसला सर्वसाधारण सभा आहे. विषय घेऊ."

"एकोणीसला भरती आहे."

"भरती आपल्या अजेंड्यावर नाही," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. जितेंद्रही हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

ते गेल्यावर म्हणाला, "लतिका, बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. रीतसर होऊ दे. तूच नेहमी म्हणतेस, रीतसर व्हावं."

म्हणते खरी.

मला कुणाचा राग यावा ते समजत नाही. तलाठ्याचा येतो, काकांचा येतो, त्या हसण्याचा येतो. त्यांनी मागितला पुरावा. पण नुकसान दोनदा माझ्याच हातून झालं: एकदा ब्रशने आणि त्याआधी पेनाने. ब्रशची माफी सालोमीबाईंनी दिली. पेनाची मी मागितलीच नाही, नुसतं सांगून टाकलं.

१७ ऑगस्ट, बुधवार

दुपारपासून पाऊस धरलाय. शाळेतून थेट सालोमीबाईंकडे गेले. मागचं पाणी घोटावरून पोटरीला आलंय. वॉल्टर सामान बांधायला दोन खोकी ठेवून गेलाय, रिकामी, दारापाशीच. सालोमीबाई त्यांवर बसून भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बसायला तरी झाली."

मी माफी मागितली. नीट, दोन्हींची. त्या म्हणाल्या, "बोलून झालं ना? आता निळीची पुडी आणून दे. या वेळची रेघ मारायची राहिलीय." मी पुडी आणली. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मीच दाखवलं, कारण छाती माझीच मोजलेली होती. त्यांनी स्टुलावर हात टेकून रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: २००५. खाली सगळी भिंत कोरी. गुडघ्याजवळ मी बोटाने दाखवलं, "सगळ्यात वरची इथे होती." त्यांनी मान डोलावली, पण तिथे रेघ मारली नाही. म्हणाल्या, "ती गॅब्रिएलची. मी कशी मारू?"

लुईसला विचारलं, सिमेंट किती जाड असेल. म्हणाला, "वीतभर. कालचं पोरगं आहे ते, जुन्या दगडासारखं नाही. तासाभराचं काम. पण भिंत तुमच्या सोसायटीची. मी हात लावला तर उद्या पोलीस माझ्या दारात."

"तुम्ही नका लावू."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "बाई, पहार उचलली आहे कधी?"

"नाही."

"मोडाल."

"पहार?"

"कंबर!" आणि पहिल्यांदाच मोकळं हसला.

सोसायटीच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान, हा गुन्हा आहे. माझ्या बाबतीत तरी हे लिहून ठेवलं पाहिजे, उद्या कुणी विचारलं तर वहीत सापडावं: मी हे जाणूनबुजून करणार आहे, कुणीही मला सांगितलेलं नाही, आणि जितेंद्रला यातलं काही माहीत नाही. अर्ज केलेला नाही.

हॉलचे हातमोजे अजून माझ्याकडेच आहेत. ते या कामासाठीच दिलेले होते, असं आता मानते.

उद्या: सकाळी सहाला लुईसकडून पहार आणणे.